पोटदुखी रोज सकाळी साडेसहालाच का होते?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा तिसरीत, मुलगी यंदा पहिलीत. मे महिनाभर दोघं सांगलीकडे आजोळी होती. रात्री बारापर्यंत अंगणात दंगा, सकाळी नऊपर्यंत झोप. 16 जूनला शाळा उघडली आणि तेव्हापासून रोज सकाळी घरात रडारड सुरू आहे. शाळा सात वीसची, व्हॅन पावणेसातला दारात. मुलगी उठतच नाही. मुलगा उठतो, पण साडेसहा वाजले की पोट धरून बसतो. सासूबाई म्हणतात, ‘एवढंसं लेकरू, राहू दे आज घरी.’ यजमान चाकणला कंपनीत. दुसऱ्या पाळीचा आठवडा असला की रात्री पावणेबाराला घरी येतात आणि मुलं त्यांची वाट बघत जागी राहतात. तुम्हाला स्वतःला साडेआठला कामावर निघायचं असतं. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, ‘मुलांना लवकर उठायची शिस्त कशी लावू?’

मी गेली सव्वीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवते, तुमच्याच भोसरी-चिंचवड पट्ट्यात. पाळीवाली घरं मी जवळून बघितली आहेत. त्यामुळे आधीच सांगते, मला इथे शिस्तीचा प्रश्न दिसत नाही. दोन वेगळे प्रश्न रोज एकाच घटकेला समोर येतात म्हणून ते एकच वाटतायत. मुलीची झोप पुरी होत नाही, हा पहिला. मुलाच्या पोटदुखीचं कारण बहुतेक दुसरंच आहे, आणि तुमच्याच पत्रातल्या एका वाक्यात ते मला दिसलं. ते वाक्य पुढे सांगते. आधी झोपेचं बघू, कारण ते सरळ आहे.

सहा ते बारा वर्षांच्या मुलांना चोवीस तासांत 9 ते 12 तास झोप हवी, असं अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने 2016 मध्ये सांगितलं. माझ्या वर्गातला अनुभवही तोच आहे. ज्यांची नऊ तास झोप होते ती मुलं दहाच्या सुमारास फळ्याकडे बघत असतात, आणि सात तास झोपलेली बाकावर डोकं टेकतात. तुमच्या मुलांना सहाला उठायचं असेल तर रात्री नऊला डोळे मिटायला हवेत. आत्ता ती बाराला झोपतात. हे तीन तासांचं अंतर एका रात्रीत भरून निघत नाही, आणि तुम्ही नेमका तोच प्रयत्न करताय. नऊला दिवे बंद करून दोघांना आडवं करायचं, मग ती दोन तास कुजबुजत, पाणी मागत, भांडत जागी राहतात.

झोप हुकमाने येत नाही, जाग मात्र आणता येते. म्हणून आधी उठायची वेळ पक्की करा. रात्री कितीही वाजता झोपली तरी सकाळी सहाला उठवायचं. रविवारी फार तर सात. पहिले तीन-चार दिवस जड जातील, चिडचिड होईल, पण पाचव्या दिवशी साडेआठलाच जांभया सुरू होतात. झोपायची वेळ दर दोन दिवसांनी वीस-पंचवीस मिनिटं अलीकडे आणत गेलात की जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत गाडी नऊ-सव्वानऊवर येईल.

यात दोन गोष्टी आड येतात. एक म्हणजे दुपारची झोप. मुलं एकला घरी येतात, जेवतात आणि थेट पाचपर्यंत झोपतात, असं तुम्ही लिहिलंय. तीन-साडेतीन तास दुपारी झोपलेलं मूल रात्री नऊला झोपेल कसं? मुलीला सध्या पाऊण तास झोपू द्या, तेही तीनच्या आत. मुलाला शक्यतो नकोच. दुसरी गोष्ट उजेडाची. आपल्या शरीराचं घड्याळ उजेडावर चालतं. सकाळी उजेड डोळ्यांवर पडला की ते पुढे सरकतं, आणि रात्री मोबाईलचा उजेड डोळ्यांपुढे असला की झोपेचं संप्रेरक उशिरा तयार होतं. जूनमध्ये आभाळ भरलेलं, घरात अंधार, पडदे ओढलेले. मग मुलांना सहा हे पहाटेचे चार वाटतात. उठवलं की आधी गॅलरीत न्या. पाऊस पडत असला तरी पाच मिनिटं तिथे उभं राहू दे, हात बाहेर काढून भिजवू दे. हाका मारण्यापेक्षा ह्याने लवकर जाग येते.

आता यजमानांचं. इथे बऱ्याच घरांचं चुकतं, कारण सगळा जोर ‘बाबांची वाट बघू नका’ ह्यावर असतो. वाट का बघणार नाहीत? दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात मुलं दुपारी शाळेतून येईपर्यंत बाबा निघायच्या तयारीत असतात, आणि परत येतात ते मध्यरात्री. सहा दिवस बाप नीट भेटतच नाही. ते जागरण म्हणजे मुलांनी स्वतः शोधलेली वाट आहे. ती नुसती बंद केलीत तर झोप सुधारणार नाही, रडणं मात्र वाढेल. तिच्या जागी दुसरी वाट द्यायला हवी.

माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या घरी जे केलं ते सांगते. वडिलांची पाळी तुमच्या यजमानांसारखीच होती. ठरलं असं, की दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात वडिलांनी सकाळी सहा दहाला उठायचं, मुलांबरोबर चहा-दूध घ्यायचं, बुटांच्या नाड्या बांधून द्यायच्या, व्हॅनपर्यंत सोडायचं आणि परत येऊन दहापर्यंत झोपायचं. त्या गृहस्थांना सुरुवातीला ते फार जड गेलं. झोपमोड होते ती होतेच, आणि मशीनवर उभं राहणाऱ्या माणसाला झोप किती लागते हे मला कळतं. पण आठवड्याभरात मुलगा रात्री आपणहून झोपायला जायला लागला, कारण ‘सकाळी बाबा आहेत’ हे त्याला पक्कं ठाऊक झालं. पहिल्या पाळीत बाबा संध्याकाळी घरी असतात, रात्रपाळीतही नऊपर्यंत भेटतात. म्हणजे तीन आठवड्यांतून एकच आठवडा ही तडजोड करायची. यजमानांची तब्येत साथ देत नसेल किंवा ओव्हरटाइम लागत असेल तर रोज नको. दोन दिवस ठरवा, पण ठरलेले दिवस चुकवू नका. मुलं कॅलेंडरवर खूण करून ठेवतात.

सासूबाईंशी वाद घालू नका, हेही मनापासून सांगते. ‘राहू दे आज घरी’ हे त्या मायेपोटी म्हणतात, आणि सकाळच्या गोंधळात घरात तेवढा एकच मऊ आवाज असतो. मुलं त्याच आवाजाकडे जाणार. तो आवाज रात्रीकडे वळवा. साडेआठला दोघं आजीच्या अंथरुणात, दिवा मंद, आणि आजीची गोष्ट. रोज एकच, लांबली तर उरलेली उद्या. माझ्या अनुभवात झोपेच्या वेळा मार्गी लावण्यात आयांपेक्षा आज्यांचा हात जास्त असतो. घरी कधी राहायचं ह्याचा नियम मात्र आधी, सगळ्यांनी मिळून, संध्याकाळी ठरवा: ताप, उलटी, जुलाब असेल तर घरी, नाहीतर शाळा. सकाळी साडेसहाला कुणीच नव्याने निर्णय घ्यायचा नाही. आणि खरंच घरी राहायचा दिवस आला तर तो आजारपणाचा दिवस असू दे. मऊ भात, पांघरूण, टीव्ही-मोबाईल बंद.

शाळेच्या वेळेबद्दल एक सांगायला हवं. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय राज्य शासनाने फेब्रुवारी 2024 मध्ये काढला, तो मुलांच्या झोपेचाच विचार करून. दोन सत्रं, वर्गखोल्या कमी, व्हॅनच्या फेऱ्या, अशा अडचणींमुळे काही शाळा अजून सकाळीच भरतात. तुमची त्यातलीच दिसते. पालकसभेत हा विषय शांतपणे काढा, चार पालक मिळून काढा. पण ती वेळ बदलेल तेव्हा बदलेल, उद्याची व्हॅन पावणेसातलाच येणार आहे.

मुलीकडे येते. पहिलीतलं मूल फाटकाशी रडतं ह्याचं मला कधीच आश्चर्य वाटत नाही. बालवाडीत गाद्या होत्या, खेळ होते, दोन तासांत घर होतं. इथे बाक आहे, घंटा आहे, पाच तास आहेत. आई-वडील दिसेनासे झाल्यावर बहुतेक मुलं दहा मिनिटांत शांत होतात, हे मी दर जूनमध्ये बघते. शांत होत नाहीत ती ज्यांचे आई-बाबा खिडकीशी घुटमळतात. निरोप छोटा ठेवा, पण चोरून निघू नका. ‘लगेच येते’ असं म्हणू नका, कारण तुम्ही लगेच येत नाही. तिला दिवसाचा क्रम सांगा: आधी प्रार्थना, मग अक्षरं, मग डबा, मग खेळ, मग गोष्ट आणि मग व्हॅन, दारात आजी. सहा वर्षांच्या मुलाला बारा वाजून वीस मिनिटं म्हणजे किती ते कळत नाही. डब्यानंतर गोष्ट आणि गोष्टीनंतर आजी, हे कळतं.

आणि कृपा करून तिचा डबा तपासा. शाळेच्या पहिल्या आठवड्यात मधली सुट्टी झाली की माझ्या टेबलाशी डब्यांची रांग लागते. चारही बाजूंनी खटके असलेले नवे, रंगीत डबे. बोटं इवलीशी, झाकण घट्ट. मी एकेक उघडून देते. पण रांगेत न येणारीही मुलं असतात. गेल्या वर्षी एक मुलगी पाच दिवस डबा समोर ठेवून बसायची आणि घंटा झाली की तसाच दप्तरात टाकायची. आई घरी ओरडायची, ‘जेवत का नाहीस?’ तिला झाकण उघडत नव्हतं आणि नव्या बाईंना सांगायची लाज वाटत होती. मी तिच्या आईला साधा स्टीलचा डबा द्यायला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी पोळी-भाजी संपली. म्हणून ह्या रविवारी घरात खोटी शाळा भरवा. डबा, पाण्याची बाटली, रेनकोटची बटणं, सलवारीची नाडी, सगळं तिला एकटीला उघडू-लावू दे. जमत नाही ते बदला. ओला रेनकोट ठेवायला एक प्लॅस्टिकची पिशवी आणि मोज्यांचा एक कोरडा जोड दप्तरात असू दे. ओल्या मोज्यांत चार तास बसलेलं मूल दुसऱ्या दिवशी शाळेत यायला कुरकुरणारच. दप्तराचं ओझं मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून जास्त नको, असा नियम आहे. अठरा किलोच्या मुलीला तो 1.8 किलो होतो, आणि लिटरभर पाण्याची बाटली एकटीच किलोभर भरते. अर्ध्या लिटरची द्या, शाळेत भरून घेता येते.

आता मुलगा. तुम्ही मध्येच, जाता जाता लिहून गेलात: ‘मुलीची तेवढी काळजी नाही, भाऊ आहे ना शाळेत, त्याच्यावरच सोपवलंय.’

ताई, ते हेच वाक्य. दुसरीपर्यंत त्याचं पोट कधी दुखलं नाही, असंही तुम्हीच लिहिलंय. मग यंदा बदललं काय? इयत्ता बदलली, बाई बदलल्या, आणि धाकटी बहीण त्याच्या हवाली झाली. आठ वर्षांचा मुलगा आहे तो. सकाळी साडेसहाला घरात ती रडत असते, आणि पुढची पंचवीस मिनिटं व्हॅनमध्ये ते रडणं त्याच्या एकट्याच्या वाट्याला येणार आहे, हे त्याला ठाऊक असतं. बाकीची मुलं बघत असतात. तिने उलटी केली तर? वर्गात गेलीच नाही तर? आई मला काय म्हणेल?

माझ्या वर्गात काही वर्षांपूर्वी एक लहानगा होता, त्याची बहीण चौथीत. रोज मधल्या सुट्टीत ती धावत यायची, दारात उभी राहून तो खातोय का बघायची, त्याचं तोंड पुसायची आणि परत धावायची. मला फार कौतुक वाटायचं तिचं. महिन्याभराने तिच्या बाईंनी सांगितलं, तिचा डबा रोज भरलेला परत जातो आणि तिच्याशी खेळायला आता कुणी थांबत नाही. मी ते कौतुक करत राहिले आणि एक महिना त्या पोरीची सुट्टी गेली, ही सल मला आजही आहे. तेव्हापासून मी भावंडांच्या पालकांना जूनमध्येच सांगते: लहान भावंडाची जबाबदारी बाईंची आणि व्हॅनवाल्या काकांची. मोठ्याने फक्त ‘टाटा’ करायचं.

मुलाला आज हेच शब्द ऐकू द्या, आणि मुलीच्या समोर ऐकू द्या: ‘बहिणीला सांभाळायचं काम तुझं नाही. तिच्या बाई आहेत. तू तुझ्या मित्रांबरोबर खेळ.’ व्हॅनवाल्या काकांना सांगून दोघांच्या जागा वेगळ्या करता आल्या तर करा. काकांशेजारी पुढे बसलेली पहिलीची मुलं कमी रडतात, हेही बघितलंय.

माझा अंदाज चुकू शकतो. समोर मूल नसताना ठाम बोलणं बरं नाही. तिसरीत काही शाळांमध्ये तुकड्या नव्याने पाडतात आणि जिवाभावाचा मित्र ‘ब’मध्ये जातो, मोठ्यांना ती बारीक गोष्ट वाटते, मुलाचं जग हललेलं असतं. हे कळायला ‘शाळा कशी झाली?’ विचारून उपयोग नाही, उत्तर ‘बरी’ येतं. ‘आज डबा कुणाबरोबर खाल्लास?’ एवढंच विचारा, तेही समोर बसवून नको. कपड्यांच्या घड्या घालताना, स्कूटरवर मागे बसलेला असताना. सलग तीन दिवस ‘कुणाबरोबर नाही’ आलं तर तुम्हाला कारण सापडलं.

आणखी एक शक्यता स्वच्छतागृहाची आहे. घाण वास, न लागणारी कडी, मोठ्या मुलांची गर्दी, यांमुळे पुष्कळ मुलं शाळेच्या स्वच्छतागृहात जातच नाहीत. दिवसभर आवरून धरतात, पाणी पीत नाहीत, मग बद्धकोष्ठ होतं आणि पोट खरोखर दुखतं. घरी सकाळी घाईत बसायलाही वेळ नसतो. त्याला दहा मिनिटं आधी उठवा, कोमट पाणी द्या आणि शांतपणे बसू द्या. चार दिवसांत फरक पडला तर कारण तेच होतं.

त्याला ‘नाटक करतोस’ असं मात्र कुणी म्हणू नका. काळजीने पोटात दुखतं तेव्हा ते खरंच दुखतं. परीक्षेच्या आधी आपल्याही पोटात कळ यायची, आठवतं ना? तसंच. अशी पोटदुखी बहुधा बेंबीभोवती असते, शाळेच्या दिवशीच येते आणि व्हॅन गेली की तासाभरात जाते. दुखण्याने रात्री जाग येते, रविवारीही दुखतं, उलट्या होतात, वजन घटतंय, लघवीला जळजळ होते, शौचातून रक्त पडतं किंवा पोटात एकाच बाजूला दुखतं, यातलं काहीही असेल तर हे सगळं बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. एरवीही एकदा दाखवून घ्यायला हरकत नाही, म्हणजे तुमच्या आणि सासूबाईंच्याही मनातली शंका जाईल.

सगळं एकदम करू नका. ह्या आठवड्यात तीनच गोष्टी करा: सहाला उठवून गॅलरी, दुपारची झोप कमी आणि मुलाच्या डोक्यावरचं बहिणीचं ओझं काढणं. पुढच्या आठवड्यात आजीची गोष्ट आणि, पाळी आली की, बाबांचा सकाळचा चहा. पाढे विसरला, अक्षर बिघडलं याची चिंता जुलैपर्यंत नको. शाळेचे पहिले दोन आठवडे आम्ही बहुतेक सगळ्या शिक्षिका मागचंच घेत असतो, कारण मे महिन्यात सगळीच मुलं विसरतात.

महिनाभरात काहीच हललं नाही, मूल शाळेच्या नावाने थरथरतंय, खाणं सुटलंय किंवा कुणी मारल्याचं, हात लावल्याचं बोलतंय, तर वाट बघू नका. मारणं, हात लावणं यातलं काही निघालं तर त्याच दिवशी मुख्याध्यापकांना भेटा.

आणि मुलाच्या वर्गबाईंशी आजच बोला. फाटकावर गर्दीत नको, फोन करून त्यांच्या जेवणाच्या वेळेतही नको. शाळेच्या डायरीत चार ओळी लिहा. कशा लिहायच्या तेही देते: ‘बाई, यंदा शाळेत निघताना त्याचं रोज पोट दुखतं. गेल्या वर्षी असं नव्हतं. मधल्या सुट्टीत तो कुणाबरोबर असतो, डबा खातो का, एवढं दोन-तीन दिवस बघाल का? बहीण पहिलीत आहे, तिच्याकडे जाण्याची गरज नाही असं आम्ही त्याला सांगितलं आहे, आपणही सांगावं.’ एवढंच पुरे. ह्या ओळी वाचल्या की पुढचं काय करायचं ते वर्गबाईंना कळतं.